पाण्याखाली न सोडलेला हात

चिकलठाण्याच्या विमानतळावर तपासणीच्या पोरीने माझी पिशवी उघडायला लावली. वर दोन सदरे, मध्ये एक जुनं उपरणं आणि तळाला अडीच किलो ज्वारीचं पीठ.

“काका, हे काय?”

“पीठ. भाकरीचं.”

“अंदमानला भाकरी? कुणासाठी?” तिने माझं तिकीट बघत विचारलं.

“पोरासाठी,” मी म्हणालो. चार वर्षांत बाहेरच्या माणसासमोर हा शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला आणि मला माझाच राग आला.

पीठ बायकोने दिलं होतं. तिच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे, जिना उतरवत नाही, नाहीतर तीच गेली असती. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराच्या दारात काठीला टेकून तिने मला एकच गोष्ट तीनदा सांगितली.

“तिथं जाऊन भाव करू नका. नुसतं ‘ये’ म्हणा. त्यानं मला फोनवर सांगितलंय, आबा स्वतः ये म्हणले तर येतो. एवढा एकच शब्द हाय. त्याला काय पैसे पडत नाय.”

“लई शहाणी झालीस,” मी म्हणालो आणि उतरलो.

वेळ थोडा होता. सोपान, आमचा एकुलता एक मुलगा, अंदमानातल्या एका लहान बेटावर राहतो आणि लोकांना समुद्राच्या तळाशी नेऊन तिथलं प्रवाळ (समुद्रातले बारीक जीव एकमेकांना चिकटून तयार झालेली दगडासारखी झाडं) दाखवतो. यंदा तिथला धंदा बसला. त्याने परदेशातल्या कुठल्याशा बेटावर नोकरी धरली होती आणि पंधरा दिवसांत तो निघणार होता. एकदा तो तिकडे गेला की आमच्या हाताला लागणार नाही, हे मला आणि त्याच्या आईला न बोलता कळत होतं.

माझा धंदा माहीत नसणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे लोक मेंढरं राखणारे. मी खुलताबादच्या पलीकडच्या माळावर मेंढरांमागे वाढलो, मग छावणीच्या गुरुवारच्या बाजारात मेंढरांची खरेदी-विक्री केली आणि त्यातून शहागंजात घोंगड्या-चादरींचं दुकान उभं केलं. कुणी एक वीट दिली नाही. बाजारात आमचा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा एका उपरण्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून बोली लावतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. बोली पटली नाही की समोरचा हात काढून घेतो. हात तसाच राहिला की सौदा झाला. आणि काहीच जमेना तर उठायचं, उपरणं झटकायचं आणि चालू लागायचं. चौथ्या पावलापर्यंत समोरचा हाक मारतोच. जो आधी हाक मारतो तो हरतो. याच एका नियमावर मी जगलो.

चार वर्षांपूर्वी सोपान घरी आला होता. मी दुकानात बसणार नाही, समुद्रावरच राहणार, म्हणाला. मी म्हणालो, “मग या उंबऱ्यात परत पाऊल टाकायचं नाय.” ती माझी सांगायची किंमत होती. शहागंजातलं शेंबडं पोरही तुम्हाला सांगेल, सांगायची किंमत वेगळी आणि घ्यायची वेगळी. त्यावर त्याने उलटी बोली लावायला हवी होती. आबा, पावसाळ्यात येऊन बसतो म्हणायचं. आबा, दोन वर्षं द्या म्हणायचं. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. पहिली बोली ऐकून कुणी असं उठून जातं का? दुकानाचं एक वेळ सोडा. पोटच्या पोराने माझ्याशी सौदाच केला नाही, हे मला चार वर्षं गिळता आलं नव्हतं.

हैदराबाद, चेन्नई आणि मग दोन तास नुसता समुद्र. विमानाच्या खिडकीतून बेटं दिसायला लागली तेव्हा बाकीची मंडळी मोबाईल काढून उठली. मला ती बेटं माळावर विखुरलेल्या मेंढरांसारखी दिसली. राखणारा कुठे तरी निघून गेलेला. श्रीविजयपुरमला (जुन्या पोर्ट ब्लेअरला) उतरलो तर हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटली. लॉजवाल्याशी अर्धा तास घासाघीस केली आणि त्याने शेवटी हात जोडून भाव उतरवला. मला बरं वाटलं. इथेही आपलं चालतं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी बोट धरली. खासगी बोटी गारेगार आणि महाग. सरकारी बोटीत बायाबापड्या, कोंबड्या, तांदळाची पोती, एक फ्रीज आणि मी. बंदर मागे पडलं तशी बोट डोलायला लागली. कठड्याला धरून मी सकाळचं सगळं समुद्राला देऊन टाकलं. एका म्हातारीने माझ्या मुठीत आल्याचा तुकडा कोंबला.

“चबाओ, बाबा. पानी की तरफ मत देखो. दूर देखो, दूर.”

मी दूर पाहिलं. दूर काहीच नव्हतं.

शहीद द्वीप (लोक अजून नील म्हणतात) एवढंसं आहे. बोट धक्क्याला लागली तेव्हा मी खाली वाकलो आणि थबकलो. धक्क्याच्या खांबांमधलं पाणी इतकं नितळ की तळाची वाळू, त्यावरून फिरणारे मासे आणि बोटीची सावली, सगळं दिसत होतं. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. बायका पिंपं भरून ठेवतात. अशा गावातून निघालेलं पोर इथे का अडकलं, हे मला त्या धक्क्यावर कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला असं नाही.

सोपान समोर उभा होता. काळा ठिक्कर पडलेला, केस उन्हाने तांबूस झालेले, हाडं वर आलेली. वाकून पाया पडला.

“नीट आलात ना आबा?”

“आलो.”

“आई कशी हाय?”

“हाय बरी. गुडघा दुखतो.”

तेव्हाच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता. पण बाजारात शिरल्या शिरल्या कुणी बोली लावत नाही. आधी माल बघायचा, समोरच्याची गरज बघायची. मी म्हणालो, “वाळलास लई.” त्याने माझी पिशवी उचलली आणि आम्ही रिक्षाकडे गेलो.

रिक्षावाला निताई, पन्नाशीचा बंगाली माणूस. भाडं ऐकून मी भडकलो. एवढ्याशा बेटावर एवढं भाडं? बेट विकत देतोस का? निताई शांतपणे विडी ओढत राहिला. सोपान खाली मान घालून म्हणाला, “आबा, बसा. इथं भाडं ठरलेलं असतं.”

“आप सोपानदा के बाबा?” निताईने विडी विझवली. “पहले बोलना था ना. बैठिए, पैसा नहीं लेगा.”

फुकट नेतो म्हटल्यावर भांडता येत नाही. मी बसलो. वाटेत दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, सुपारी, वांग्या-भेंडीचे वाफे. माती बघून मी मनातल्या मनात भाव केला, चांगली होती. निताई सांगत होता की त्याचे वडील निर्वासित म्हणून इथे आले, सरकारने जंगल तोडून जमीन दिली. मी विचारलं, गावाकडे परत जावंसं नाही वाटलं त्यांना?

“किसी ने बुलाया नहीं,” तो म्हणाला आणि वळणावर हॉर्न वाजवला.

सोपान एका बंगाली बाईच्या परसात पत्र्याच्या खोलीत राहतो. तिला सगळे मासी म्हणतात. खोलीत एक खाट, दोरीवर वाळत घातलेले रबरी पोशाख, भिंतीला टेकवलेली माशाच्या शेपटीसारखी वल्ही (पायात घालायची) आणि कोपऱ्यात अर्धी भरलेली मोठी सुटकेस. ती उघडीच होती. मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

मासीने मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण आणि भात वाढला. आम्ही मटण खाणारी माणसं; काटे काढायची आम्हाला सवय नाही. दुसऱ्याच घासाला काटा घशात अडकला. मासी ओरडली, “सूखा भात! गोला बनाके निगलो!” तिने स्वतःच्या हाताने भाताचा गोळा माझ्या तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा काटा उतरला. मग सोपान उठला, पिशवीतून पीठ काढलं आणि परातीत भिजवायला बसला. आईसारखंच, पाण्याचा हबका मारून, तळव्याच्या कडेने भाकरी वाढवत. त्याला हे कधीपासून येत होतं, मला ठाऊक नव्हतं. कड करपली तरी मी दोन भाकरी खाल्ल्या. तो तव्याजवळ उकिडवा बसून माझ्याकडे बघत होता. काही तरी ऐकायची वाट बघत होता.

“मीठ कमी हाय,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ बघून तो मला लक्ष्मणपूरला घेऊन गेला. तिथे लाटांनी खडक कोरून एक दगडी कमान केली आहे. ओहोटी असेल तेव्हाच खडकांवरून चालत तिथे जाता येतं. पाय घसरत होता. सोपानने दोनदा हात पुढे केला, मी दोन्ही वेळा खडकाला धरलं.

पाणी उतरलेल्या खडकांच्या वाट्यांमध्ये वेगळंच जग होतं. बोटाएवढे पट्ट्यांचे मासे, पाठीवर शंखाचं घर घेऊन पळणारे खेकडे, समुद्रकाकडी म्हणतात ती काळी, जाड, हलतही नाही अशी चीज. एका वाटीत मोठा शिंपला अर्धा उघडा होता आणि त्याचे ओठ मोरपिसासारखे निळे. सोपानची सावली पडली तसे ते मिटले.

“आबा, मेंढरं धुवायचो आपण तळ्यात, आठवतं का? कातरायच्या आधी?”

“आठवतं की. तू बुडी मारून बसायचास. लोक म्हणायचे पोर गेलं.”

“तुम्ही काठावरून मोजायचा. वर आलो की म्हणायचा, एवढंच?”

तो हसला. मीही हसलो. चार वर्षांतलं पहिलं. कमानीखालून वारा येत होता आणि माणसं ओळीने फोटो काढत होती. आता म्हणावं, असं वाटलं. पण हसतानाच माझ्या मनात हिशेबी किडा वळवळला: तो नरमलाय. आत्ता थोडं थांबलं तर तोच म्हणेल. समोरचा नरमलाय हे दिसल्यावर आपण तोंड उघडायचं नसतं. मी थांबलो. भरतीचं पाणी खडकांच्या फटींमधून परत यायला लागलं आणि सोपान उठला. “चला आबा. अजून थांबलो तर पोहत जावं लागंल.”

तिसऱ्या दिवशी त्याने मला पाण्याखाली न्यायचं ठरवलं. “जाण्याआधी तुम्हाला एकदा दाखवायचंय,” एवढंच म्हणाला. पोहता येत नसलं तरी चालतं, शिकवणारा सोबत असतो. त्याच्या मालकिणीने, चेन्नईकडची उंच बाई, माझ्यापुढे एक कागद ठेवला: दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का. मी सगळीकडे नाही लिहिलं. मग तिने भाव सांगितला. सोपान म्हणाला, माझ्या पगारातून घ्या. ते मला झोंबलं. मी तिच्याशी घासाघीस सुरू केली. ती हसून मान हलवत राहिली. शेवटी मी उठलो, उपरणं झटकलं आणि दाराकडे निघालो. एक, दोन, तीन, चार.

“आबा,” सोपान मागून म्हणाला, “ती हाक नाय मारायची. त्यांच्यात नाय तसं. संध्याकाळपर्यंत उन्हात उभं राहाल.”

मी वळलो. मालकीण दुसऱ्या गिऱ्हाइकाला बूट देत होती. स्वतःहून परत येऊन पुरा भाव देण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

आधी कमरेएवढ्या पाण्यात तालीम झाली. रबरी पोशाख अंगावर चढवताना मला वाटलं, सोललेलं कातडं बोकडाला परत चढवतायत. पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिसं, तोंडात नळी. नाकाने नाही, तोंडाने श्वास. कान दुखले की नाक चिमटीत धरून जोर द्यायचा. मग सोपानने खुणा शिकवल्या. बोटांचं कडं म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे वर चला.

“मला बोटांची भाषा शिकवतो व्हय रे?”

“या बाजारात माझी चालते, आबा.”

बोटीने थोडं आत नेलं आणि आम्ही उतरलो. त्याने माझा डावा हात धरला. पहिली दोन मिनिटं मी मरतो असंच वाटलं. श्वासाचा आवाज कानात भात्यासारखा. मग हळूहळू छाती शांत झाली आणि मी खाली पाहिलं.

मालकिणीच्या भिंतीवरच्या पोस्टरात पाहिलेले रंग मी शोधत होतो. तिथे हाडं होती. जिथवर नजर जात होती तिथवर पांढरीफटक हाडं. हरणांच्या शिंगांसारख्या फांद्या, मोठमोठे गोटे, पंख्यासारखे पसरलेले पापुद्रे, सगळ्यांना चुना फासल्यासारखं. काहींवर तपकिरी शेवाळ चढलेलं. मी लहान असताना एका दुष्काळात आमचं खांडच्या खांड (कळप) रोगाने गेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या माळावरून गेलो तर अशीच पांढरी हाडं उन्हात पडलेली. माझा बाप तिथून जाताना डोक्यावरचा पटका सोडून हातात घ्यायचा. समुद्र तापला आणि हे सगळं पांढरं पडलं, असं सोपानने सांगितलं होतं. ऐकणं वेगळं. दोन-चार मासे त्या हाडांमधून असे फिरत होते, जशी उठून गेलेल्या बाजारात चुकलेली माणसं.

सोपानने मला एका मोठ्या गोट्याच्या मागे नेलं आणि बोट दाखवलं. तिथे, भाकरीएवढ्या जागेत, जांभळ्या रंगाचा एक तुकडा जिवंत होता. त्याने हात न लावता त्याच्याभोवती तळवा धरला, वाऱ्यात दिव्याला धरतात तसा. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. हे दाखवायला त्याने मला आणलं होतं.

आणि मी काय केलं? मला वाटलं, हीच वेळ. याचा माल गेला आहे. याच्या हातात भाकरीएवढा तुकडा उरला आहे. उपरण्याची गरजच नव्हती, सगळा समुद्र अंगावर पांघरलेला होता. मी त्याच्या हातात माझी बोटं फिरवली आणि पाच दाबली. दहातली पाच. अर्धं दुकान तुझ्या नावावर. लहानपणी बाजारात तो माझ्या उपरण्याची कड धरून बसायचा, ही भाषा त्याला बोलण्याच्या आधी आली होती.

त्याने माझ्याकडे पाहिलं. काचेमागे डोळे मोठे दिसत होते. मी श्वास रोखला. रोखायचा नसतो हे विसरून. त्याने हात काढला नाही. धरून ठेवला, उलट अजून घट्ट. शेवटपर्यंत.

बोटीवर चढलो तेव्हा माझ्या नाकातून थोडं रक्त आलं होतं आणि मी हसत होतो. “ठरलं तर मग! तुझ्या आईला फोन लाव. म्हणावं अर्धं दुकान पोराचं झालं. त्या परदेशवाल्याला कळव, येत नाय म्हणून.”

सोपान माझ्या पाठीवरची टाकी उतरवत होता. त्याचे हात थांबले.

“आबा, काय नाय ठरलं.”

“हात काढला नाहीस तू.”

“पाण्याखाली मी कुणाचाच हात सोडत नाय. नियम हाय तो.”

“म्हणजे तुला कळलंच नाय मी काय दाबलं ते?”

“पाच दाबली. कळलं की.” तो खाली बसला, पट्टे गुंडाळत. “कळलं म्हणूनच जास्त घट्ट धरला. तिथं हात काढला असता तर तुम्ही घाबरला असता. खोल होतो आपण.”

बोट डुलत होती. बोटवाला दुसरीकडे बघत होता, पण ऐकत होता.

“सहा देतो,” मी म्हणालो.

“आबा.”

“सात. अरे मग तुझी किंमत तरी सांग!”

“आईनं सांगितलं नाय का तुम्हाला, काय म्हणायचं ते?”

मला तिथे संताप आला. माझ्या बायकोने आणि माझ्या पोराने मिळून माझ्या तोंडात शब्द भरून मला समुद्रापलीकडे पाठवलं होतं, एखाद्या गड्याला निरोप देऊन पाठवतात तसं. मी म्हणालो, “काय हाय तुझ्याजवळ इथं? मढ्याची राखण करतोयस. भाकरीएवढं उरलंय खाली, तेबी पुढच्या उन्हाळ्यात जाईल. मी देतोय तोवर घे.”

त्याने मान वर केली नाही. पट्टे गुंडाळतच म्हणाला, “तुम्हाला तेवढंच दिसलं व्हय.” मग उठून त्याने बोटवाल्याला किनाऱ्याची खूण केली.

चौथ्या दिवशी सकाळी मी एकटाच किनाऱ्यावर गेलो. लाटेने आणून टाकलेला प्रवाळाचा एक पांढरा तुकडा उचलला आणि पिशवीतल्या सदऱ्यात गुंडाळला. बायकोला दाखवावं, पोरगा कशाच्या मागे गेला ते. मासीने केळीच्या पानात भात बांधून दिला. निताईने याही वेळी भाडं घेतलं नाही. मी बळेच नोट त्याच्या खिशात कोंबली, त्याने ती बाहेर काढून माझ्या पिशवीत ठेवली. शेवटी मी हरलो.

धक्क्यावर सोपान पाया पडला. बोटीचा भोंगा झाला. माणसं चढत होती.

“तारखेला निघणारच का?” मी विचारलं.

“निघावं लागंल.”

“बरं.” उपरणं खांद्यावर होतं. माझ्या नकळत मी ते झटकलं. “राहू दे मग.”

आणि चालू लागलो. एक. दोन. तीन. फळीवर पाय ठेवला, चार. पाचवं पाऊल मी इतकं हळू टाकलं की मागच्या माणसाचा धक्का लागला. हाक आली नाही. वर चढून कठड्याशी गेलो आणि वळून पाहिलं.

तो तिथेच उभा होता. गेला नव्हता. दोन्ही हात पाठीमागे बांधून, पाय जरा फाकवून, नजर माझ्यावर. ती उभं राहायची पद्धत मी ओळखली. छावणीच्या बाजारात घेणारा उठून चालायला लागला की मी असाच उभा राहायचो आणि उपरण्याची कड धरलेल्या त्या पोराला हळूच म्हणायचो, गप. आपण नाय हाक मारायची. आधी हाक मारतो तो हरतो.

दोर सुटला. आमच्या दोघांमधलं पाणी आधी हिरवं होतं, तळ दिसत होता. मग निळं झालं. तो लहान होत गेला तरी हात पाठीमागेच होते.

श्रीविजयपुरमच्या विमानतळावर पिशवी पुन्हा उघडली गेली. अधिकाऱ्याने पांढरा तुकडा बाहेर काढला. इथून प्रवाळ नेता येत नाही, म्हणाला. मी म्हणालो, मेलेलं आहे साहेब. किनाऱ्यावर पडलं होतं.

“मरा हुआ भी नहीं, बाबा. जहाँ का है वहीं रहेगा.”

मी भांडलो नाही. त्याला वाटलं असेल, गरीब माणूस आहे.

उस्मानपुऱ्यात रिक्षातून उतरलो तेव्हा बायको काठी घेऊन वर दारात उभी होती. मी जिना चढून वर गेलो तरी ती माझ्याकडे बघत नव्हती; माझ्या खांद्यावरून जिन्याच्या वळणाकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने नजर खाली घेतली.

“म्हणालात का?”

“नाय.”

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, रिकामी उपडी करून झटकली. कोपऱ्यात राहिलेलं चिमूटभर पीठ जमिनीवर पडलं. ते तिने बोटाने गोळा केलं.

सोपान तारखेला गेला. तिकडचा त्याचा नंबर तिच्याकडे आहे. रविवारी ती बोलते, फोन माझ्याकडे करते, मी हाताने नको म्हणतो. खूण म्हणून. बोटांची भाषा मला अजून येते, तेवढीच येते. शब्द फोनवर म्हणायचा नव्हता. धक्क्यावर म्हणायचा होता, तव्याशेजारी म्हणायचा होता. आता तो म्हटला तरी त्याला तीन वर्षांचा करार आणि अर्धा समुद्र ओलांडून जावं लागेल, आणि तोवर शब्दच पांढरा पडला असेल.

कुणी अंदमानला जाणार असाल तर जा. लक्ष्मणपूरची कमान ओहोटीला बघा, मासीकडचं कालवण खाताना काटे सांभाळा. पाण्याखाली न्या म्हटलं तर कुणी तरी तुमचा हात धरेल आणि सोडणार नाही. त्याचा वेगळा अर्थ काढू नका.

परवा दुकानात एक माणूस घोंगडी बघत होता. जाडीभरडी, काळी, आमच्याच माळावरच्या लोकरीची. भाव ऐकून तो उठला, खांद्यावरचा रुमाल झटकला आणि पायऱ्यांकडे निघाला. जुना माणूस असावा, चालीवरून कळतं. त्याचं दुसरं पाऊल पडायच्या आत मी गादीवरून उठून ओरडलो, “ये! ये रे बाबा, परत ये!”

दुकानातले गडी काम सोडून माझ्याकडे बघायला लागले. तो माणूस वळला, हसला आणि येऊन निवांत मांडी घालून बसला. त्याला वाटलं, मी भाव उतरवला.